फ्लॅटमध्ये फुलं येतात, पण आधी ऊन मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, एकच बाल्कनी. तिच्यात सकाळी साधारण नऊपर्यंत ऊन असतं, मग समोरची इमारत आणि वरचा स्लॅब मिळून ते अडवतात. हौसेने 11 कुंड्या आणल्या आणि चार महिन्यांत त्यातल्या 7 गेल्या. उरलेत गुलाब, मोगरा, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट. रोज न चुकता पाणी, दर पंधरा दिवसांनी खत, तरी गुलाबाला एक कळी नाही, मोगऱ्याला नुसती पानं आणि मनी प्लांट पिवळा पडतोय. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझाच हात वाईट आहे, की फ्लॅटमध्ये फुलं येतच नाहीत?"

हाताबिताचं काही नसतं. गेली बावीस वर्षं मी लोकांच्या घरातली झाडं सांभाळतोय आणि एवढं सांगू शकतो की तुमची सात झाडं बहुधा दुर्लक्षाने मेलेली नाहीत. रोजच्या पाण्याने मेलीत. उरलेली चार जगताहेत, पण चुकीच्या जागी बसलीत. फुलं येतील, फक्त ती गुलाबाची नसतील. हे मान्य करायला जरा जड जातं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

फूल ही झाडाची वरकड कमाई असते. पान प्रकाशावर कमावतं, त्यातून आधी झाडाचा रोजचा खर्च भागतो, मग मुळं, मग नवी पानं, आणि एवढं करून काही शिल्लक राहिलं तर कळी. प्रकाश कमी पडला की झाड सगळ्यात आधी फुलांचा खर्च कापतं. म्हणून तुमचा मोगरा हिरवागार दिसतो आणि फुलत नाही. तो आजारी नाही, तंगीत आहे. त्याला खत घालणं म्हणजे उपाशी माणसाला नुसतं लोणचं वाढण्यासारखं आहे. खतात अन्न नसतं, अन्न पान स्वतः बनवतं आणि त्याचा कारखाना प्रकाशावर चालतो.

आता प्रकाशाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला साफ फसवतात. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान, त्यामुळे दिवाणखाना आपल्याला "छान उजेडाचा" वाटतो. आकडे बघा. भर दुपारच्या उघड्या उन्हात 1,00,000 लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं माप) आसपास प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही बाहेर 10,000 लक्स सहज मिळतात. खिडकीला अगदी खेटून, थेट ऊन नसताना, 2,000 ते 5,000. तिथून दोन मीटर आत आलात तर बऱ्याचदा त्याचा पाचवा हिस्साही उरत नाही, आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात तर 100 ते 200 लक्सवर काम चाललेलं असतं. म्हणजे उन्हाच्या तुलनेत पाचशेवा ते हजारावा भाग. आपण तिथे पेपर वाचतो, म्हणून झाडालाही चालेल असं धरून बसतो.

फोनवर लक्स मोजणारी अॅप मिळतात. ती तंतोतंत नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. अॅप नको असेल तर माझी जुनी पद्धत वापरा. कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं सुटी मोजता येतील अशी काळी, कडक सावली पडली तर प्रकाश भरपूर. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. नुसता करडेपणा जाणवला, किंवा तोही नाही, तर तिथे फुलाचं झाड ठेवू नका. ही चाचणी एकदाच करून भागत नाही, सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला करा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला बाल्कनीचा एक फोटो काढून ठेवलात तर फारच उत्तम. ऊन कुठून कुठे सरकतं, कोणत्या कोपऱ्याला किती मिनिटं मिळतं, हे चोवीस फोटोंच्या आत कळतं. सहा महिन्यांनी पुन्हा तेच करा, कारण सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते. काही बाल्कन्यांत उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढला की स्लॅब ऊन अडवतो आणि हिवाळ्यात तोच सूर्य कलून थेट दारापर्यंत आत येतो. "मागच्या वर्षी याच जागी फुललं होतं" या तक्रारीमागे निम्म्या वेळा समोर उभी राहिलेली नवी इमारत असते, आणि उरलेल्या निम्म्या वेळा ऋतू.

गुलाब, मोगरा, जास्वंद, बोगनवेल, झेंडू, सदाफुली ही मंडळी रोज पाच-सहा तास थेट ऊन मागतात. तुमच्याकडे सकाळचं जेमतेम दोन-अडीच तासांचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर उघड्या आकाशाचा उजेड आहे. हे वाईट नाही हो! उलट एका वेगळ्या गटासाठी ही अगदी हवीहवीशी जागा आहे. जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्यांना असाच प्रकाश मिळतो. अँथुरियम, पीस लिली, फॅलेनोप्सिस ऑर्किड, आफ्रिकन व्हायोलेट, बिगोनिया, इम्पेशन्स, अबोली, होया. हे सगळे तुमच्या बाल्कनीत किंवा बाल्कनीच्या दारातल्या काचेशी फुलतील.

यातल्या काहींच्या खोडी आधी कळलेल्या बऱ्या. अँथुरियमचं फूल पानाच्या बगलेतून येतं, साधारण एका पानामागे एक. म्हणजे फुलं हवी असतील तर नवी पानं येत राहिली पाहिजेत, आणि जुनी पानं "जागा अडवतात" म्हणून कापत सुटलात तर झाडाची कमाईच कापली जाते. (आपण ज्याला अँथुरियमचं लाल फूल म्हणतो ते खरं तर एक रंगीत पान आहे. खरी फुलं मधल्या दांड्यावर टाचणीच्या टोकाएवढी असतात. बोगनवेलीचंही तसंच. त्यामुळे यांची "फुलं" महिना महिना टिकतात, साधी पाकळी एवढी टिकत नाही.) आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर गार पाणी पडलं तर पिवळट वेटोळे डाग उमटतात, म्हणून त्याला खालच्या ताटलीतून, खोलीच्या तापमानाचं पाणी द्यायचं. फॅलेनोप्सिसला मातीत लावलंत तर ते गुदमरतं. जंगलात ते झाडाच्या खोडावर चिकटून राहतं, त्याला सालीचे तुकडे आणि मधून खेळती हवा लागते. त्याचा नवा फुलदांडा यायला काही आठवडे जरा गार रात्री लागतात, म्हणून बारा महिने एकसारख्या उबदार खोलीत ठेवलेलं ऑर्किड पानं काढत राहतं आणि फुलत नाही. होयाचा जुना फुलदांडा फुलं गळल्यावर कापू नका, पुढच्या वेळी तिथूनच पुन्हा कळ्या येतात.

आणखी एक गट आहे ज्याला प्रकाशाइतकीच अंधाराची गरज असते. 1920 साली अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी तंबाखूच्या एका जातीवर काम करताना दाखवून दिलं की काही झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखून फुलतात. ती तंबाखू उन्हाळाभर नुसती उंच वाढायची आणि दिवस लहान झाल्यावरच फुलायची. पुढच्या अभ्यासात कळलं की झाड खरं तर सलग रात्रीची लांबी मोजत असतं. शेवंती, पॉइन्सेटिया आणि कलांचो हे याच गटातले. कलांचोला साधारण सहा आठवडे, रोज 14 तास सलग अंधार मिळाला तर तो कळ्या धरतो. मध्येच रात्री थोडा वेळ दिवा लागला तरी हिशेब बिघडतो. त्यामुळे दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेला, किंवा बाल्कनीत रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात आलेला कलांचो दुकानातून आणला तेव्हाच काय तो फुललेला असतो, पुन्हा कधीच नाही. लोक खतं बदलत बसतात. मी सांगतो, संध्याकाळी पाचला त्याच्यावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, सकाळी सातला काढा, आणि सहा आठवडे एकही दिवस चुकवू नका. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमची झाडं तिथेच गेलीत.

मुळांना पाणी लागतं तेवढीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, पाणी घातलं की ती बाहेर जाते, पाणी निथळलं की पुन्हा आत येते. रोज पाणी घातलं तर निथळायला सवडच मिळत नाही. मुळं प्राणवायूविना गुदमरतात, मग त्या मेलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरश्या बसतात. आणि यात एक विचित्र गंमत आहे. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. ते बघून आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण आणखी पाणी घालतो. सुरुवातीच्या काळात मी चौदा आफ्रिकन व्हायोलेट अशी एका महिन्यात बुडवली आहेत, दर वेळी मनापासून दया येऊन. झाड मरगळलेलं दिसलं की झारीला हात घालायच्या आधी मातीला हात लावा. माती ओली आणि पान मलूल, तर पाणी बंद.

कुंडीत पाणी किती अडकून राहतं हे समजायला घासणीचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा, निथळू द्या. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. पुन्हा थांबलं तरी खालच्या टोकाशी एक पट्टा चिंब ओला राहतोच. कुंडीच्या तळाशी नेमकं हेच होतं. भोक कितीही मोठं असो, तळाचा एक थर काही काळ भिजलेलाच राहतो. त्याची उंची मिश्रण किती बारीक आहे त्यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडी तेवढ्याच मातीत उंच कुंडीपेक्षा जास्त ओलसर राहते. आणि म्हणूनच तळाशी विटांचे तुकडे किंवा गोटे घालायची पद्धत कामाची नाही. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत लगेच उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून बसतं. म्हणजे गोट्यांचा दोन इंच थर घातला की चिखलाचा पट्टा दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ आला. हे मला अनेकांनी वाद घालून नाकारलंय. आजोबांपासून गोटे घालत आलोय, म्हणतात. त्यांना मी दोन पारदर्शक डबे घेऊन, एकात गोटे आणि एकात नुसती माती भरून, रंगीत पाणी ओतून बघायला सांगतो. भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरते.

किती दिवसांनी पाणी घालायचं, याला उत्तर नाही, आणि जो "आठवड्यातून दोनदा" असं छातीठोक सांगतो त्याचं ऐकू नका. उन्हात, वाऱ्यात, मातीच्या छोट्या कुंडीत अबोलीला उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. तुमच्या स्नेक प्लांटला खोलीच्या कोपऱ्यात तीन आठवडे लागणार नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, तिथे कोरडं लागलं तर पाणी. मोठ्या कुंडीत बोटाऐवजी लाकडी काडी खुपसून पाच मिनिटांनी काढा, ओली माती तिला चिकटते. सगळ्यात भरवशाचं म्हणजे कुंडी उचलून बघणं. पाणी घातल्यावर एकदा उचला, तीन दिवसांनी पुन्हा उचला. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं, आणि मग बाकी काही बघावं लागत नाही. पाणी घालाल तेव्हा मात्र भरपूर, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. कपभर शिंपडण्याची सवय सोडा. त्याने वरचा इंचभर थर भिजतो आणि क्षार आत साचत जातात. ताटलीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी पापडी दिसली, पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तर ते साचलेले क्षार आहेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून ते धुऊन काढा. तुम्ही दर पंधरा दिवसांनी खत घालताय आणि झाड वाढत नाहीये, तेव्हा हे तुम्हाला बहुतेक करावंच लागणार.

मातीबद्दल थोडक्यात. शेतातली किंवा बागेतली नुसती माती कुंडीत भरू नका. जमिनीत तिच्यात गांडुळं असतात, खोलवर निचरा असतो, कुंडीत तीच माती चार महिन्यांत वीट होते. मी घरातल्या झाडांसाठी साधारण चार भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि तीन भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) असं मिश्रण वापरतो. कोकोपीट धुवायचं कारण त्यात मीठ राहिलेलं असू शकतं. बारीक वाळू घालून निचरा सुधारत नाही, उलट ती पोकळ्या बुजवते. आणखी एक फायदा वजनाचा. एक लिटर ओली बागेची माती दीड किलोहून जास्त भरते. फूटभर व्यासाच्या कुंडीत पंधरा ते वीस लिटर मिश्रण बसतं, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा, आणि मग अशा दहा कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला एका रांगेत ठेवायच्या का ते ठरवा. जड कुंड्या भिंतीच्या बाजूला आणि जमिनीवर. कठड्यावर काहीही ठेवायचं तर ते आतल्या बाजूला टांगलेलं आणि पक्कं बांधलेलं असावं. खालून माणसं जातात.

नव्या झाडाची मोठ्या कुंडीत बदली करायची घाई करू नका. रोपवाटिकेत ते जाळीखाली, भरपूर दमट हवेत वाढलेलं असतं. तुमच्या घरी आलं की प्रकाश बदलतो, हवा बदलते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते थोडी पानं गाळतं. फायकस तर याबाबतीत भलताच नाटकी आहे, जागा बदलली की निम्मा बोडका होतो. तो त्याचा जुळवून घेण्याचा मार्ग आहे. नेमक्या त्याच वेळी आपण घाबरून कुंडी बदलतो, खत घालतो, फवारणी करतो आणि रोज जागा हलवतो. काही करू नका. दोन-तीन आठवड्यांनी झाड स्थिरावलं की कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. गोल गोल गुंडाळली गेली असतील तर बोटांनी थोडी मोकळी करा आणि आधीच्यापेक्षा फक्त दोन इंच मोठ्या कुंडीत लावा. "मोठी कुंडी म्हणजे मोठं झाड" असं नसतं. लहान मुळांभोवती भरपूर माती राहिली की ती कितीतरी दिवस ओली राहते आणि पुन्हा तेच कुजणं. मुळाभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असेल तर मात्र तो पाण्यात भिजवून निम्मा तरी सोडवा. तो गोळा एकदा वाळला की नंतर बाजूचं मिश्रण ओलं आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत अशी अवस्था होते.

खत वाढत्या झाडालाच द्यायचं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं, आणि माती आधीच ओली असताना. पाकिटावरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे असतात. नत्र जास्त झालं की पानं दाट येतात आणि फुलं रुसतात. केळीच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं थेट कुंडीत घालण्याचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. टरफलं विरघळायला वर्षानुवर्षं लागतात, साली मातीवर कुजतात आणि त्यावर चिलटं येतात. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात घाला, तिथे त्याचं सोनं होतं.

किडीचं एकच सांगतो, पानांची मागची बाजू बघा. बाकी सगळं त्यातून आलं. कापसासारखे पांढरे पुंजके पानाच्या बेचक्यात दिसले तर पिठ्या ढेकूण. चिमूटभर कापूस 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून एकेक पुसून काढा, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. मुंग्या पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्यांची राखण करतात. पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लाल कोळी. गरम आणि कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि दर पाच-सहा दिवसांनी तीनदा तरी तेच करा, कारण अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात केली तर पानं भाजतात. मातीतून उडणारी काळी चिलटं दिसत असतील तर त्यांच्यावर औषध शोधू नका. ती ओल्या मातीची निशाणी आहे. वरचा दोन इंच थर वाळू द्या, पिवळे चिकट सापळे लावा, झालं.

पानांवर रोज पाणी फवारल्याने हवेतला दमटपणा वाढत नाही. पाच-दहा मिनिटांत ते सुकतं. कुंड्या एकमेकींजवळ गटाने ठेवल्या तर थोडा फरक पडतो. हवा शुद्ध होते म्हणून झाडं लावत असाल तर तोही भ्रम सोडा. 1989 मध्ये नासासाठी झालेल्या ज्या प्रयोगांवरून हे पसरलं, ते बंदिस्त छोट्या पेट्यांमधले होते. 2019 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा निघालं की खिडक्यांतून नुसत्या येण्या-जाण्याने हवा जेवढी स्वच्छ होते, तेवढं झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघडा. झाडं बघायला छान वाटतात म्हणून लावा, तेवढं कारण पुरेसं आहे.

घरात रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर मात्र नीट विचार करा. डिफेनबाकिया, मनी प्लांट, अँथुरियम, पीस लिली यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंड आणि घसा भयंकर चुरचुरतो, सुजतो. खऱ्या लिलीचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. मांजराने तिचे परागकण नुसते चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊन ते दगावू शकतं. मांजर असेल त्या घरात फुलदाणीतसुद्धा ती नको. कण्हेर आणि सायकस यांनाही दूरच ठेवा.

आता तुमच्या चार कुंड्या. मनी प्लांट उद्याच कुंडीतून काढा. तपकिरी, बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी, वास येणारी मुळं कात्रीने काढून टाका, पांढरी आणि टणक राहू द्या, नव्या मिश्रणात, भोक असलेल्या लहान कुंडीत लावा. मुळं फारच थोडी उरली असतील तर गाठ असलेला तुकडा कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतील. स्नेक प्लांट जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त त्याच्या पाण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहू नका. मोगरा बाल्कनीच्या त्या कोपऱ्यात, जिथे सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं, तिथे ठेवून एक हंगाम बघा. त्याला फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून फांद्या एक तृतीयांश छाटा आणि जुनी पानं खुडा. तरीही नाही फुलला तर त्याच्यावर फूटभर अंतरावरून 20 ते 30 वॅटचा पांढरा एलईडी दिवा रोज बारा तास लावणं हा एक मार्ग आहे, पण मग तो झगमगाट अंगावर घेऊन बसायची तुमची तयारी असली पाहिजे, आणि कलांचो असला तर तो दुसऱ्या खोलीत.

गुलाब मात्र गच्ची असलेल्या कुणाला तरी देऊन टाका. महिन्याभरात त्याच्या फुलांचा फोटो येईल आणि जरा वाईटही वाटेल. कुंडी तेवढी परत मागून घ्या, तिच्यात अबोली लावू.